नकारावर दाद

वायव्य लंडनमध्ये प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोड नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरच्या दहा नंबरच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला त्यांचा अभ्यास आणि ग्रेज इनमधलं बॅरिस्टरीचं शिक्षण याच काळातलं. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिथल्या स्मारकाचं उद्घाटन झालं. बाबासाहेबांना मानणारी माणसं लंडनला आली की वाट वाकडी करून या घरी येऊ लागली.

मग अडचण उभी राहिली. हे घर कॅम्डेन कौन्सिलच्या हद्दीत येतं. कौन्सिलच्या दप्तरी त्याची नोंद राहतं घर अशी होती, संग्रहालय अशी नव्हती. राहत्या घराचं संग्रहालय करणं हा इंग्लंडच्या कायद्यात ‘वापरातला बदल’ ठरतो आणि एक वीटही न हलवता केलेल्या अशा बदलाला परवानगी लागते. काही शेजाऱ्यांनी वर्दळीबद्दल तक्रार केली होती. २०१८ मध्ये परवानगीसाठी रीतसर अर्ज झाला आणि ऑक्टोबरमध्ये कौन्सिलने तो फेटाळला. मुख्य कारण असं, की या बदलाने राहण्याची जागा कमी होते आणि कॅम्डेनच्या विकास आराखड्यात राहत्या जागेला संरक्षण आहे.

एका बाजूला एक राज्य सरकार, दुसऱ्या बाजूला लंडनमधल्या बत्तीस बरोंपैकी एका बरोची कौन्सिल. अशा वेळी आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो ‘वरती कोणाशी बोलायचं?’ हा. तिथे मात्र या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे. नकार मिळालेल्या कोणत्याही अर्जदाराला, मग तो परसदारी खोली वाढवणारा निवृत्त शिक्षक असो की परदेशातलं सरकार, अपील करता येतं. ते अपील ऐकणाऱ्या यंत्रणेचं नाव प्लॅनिंग इन्स्पेक्टरेट. मुख्यालय ब्रिस्टल शहरात. इंग्लंडबाहेर फारसं कोणाला ते नाव माहीत नाही. पण सामान्य नागरिक आणि सत्ता यांच्यातला रोजचा व्यवहार सभ्य कसा ठेवता येतो, हे शिकायचं असेल तर या यंत्रणेचं काम बारकाईने पाहण्यासारखं आहे.

जमीन मालकाची, परवानगी समाजाची

१९४७ सालचा ‘टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट’ हा या साऱ्याचा पाया. महायुद्धात शहरं उद्ध्वस्त झाली होती, पुनर्बांधणी डोळ्यांसमोर होती आणि क्लेमेंट ॲटली यांचं मजूर सरकार सत्तेवर होतं. नगरनियोजन मंत्री लुईस सिल्किन यांनी आणलेला हा कायदा १ जुलै १९४८ पासून लागू झाला. त्याने एक मोठी उलथापालथ केली. जमीन मालकाकडेच राहिली, पण त्या जमिनीचा विकास करण्याचा हक्क समाजाच्या हाती गेला. तेव्हापासून बांधकाम, खोदकाम किंवा वापरात ठळक बदल करायचा तर स्थानिक कौन्सिलची परवानगी घ्यावी लागते.

एवढा मोठा हक्क काढून घेतला, की त्याच्या बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. कायद्याने अर्जदाराला दिलं ते असं: कौन्सिल नाही म्हणाली तर कारण सांगेल आणि ते कारण तुम्हाला पटलं नाही तर कौन्सिलबाहेरचं कोणीतरी तुमचं म्हणणं नव्याने ऐकेल. अपिलाचा हक्क ही सरकारने दाखवलेली मेहरबानी नाही. १९४७ च्या देवाणघेवाणीतला तो दुसरा हिस्सा आहे.

अर्थात इन्स्पेक्टर हे पद त्याआधीचं. १९०९ साली ब्रिटनने नगररचनेचा पहिला कायदा केला आणि लोकल गव्हर्नमेंट बोर्डाने थॉमस ॲडम्स यांना नगररचनेचं काम पाहणारे पहिले इन्स्पेक्टर म्हणून नेमलं. त्या कायद्याचे पडसाद मुंबई इलाख्यात लवकर उमटले. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा भारतातला या प्रकारचा पहिला कायदा त्याच धर्तीवर झाला. आपली नगररचना आणि इंग्लंडची नगररचना यांचं मूळ असं एकाच काळातलं आहे. पुढे वाटा वेगळ्या झाल्या आणि त्या नेमक्या कुठे वेगळ्या झाल्या, हे पाहायला डॉर्सेट परगण्यातल्या एका माळावर जावं लागतं.

सातशे पंचवीस एकर

या माळाचं नाव क्रिचेल डाऊन. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर हवाई खात्याने तिथली ७२५ एकर जमीन बॉम्बफेकीच्या सरावासाठी घेतली. युद्ध संपलं, सराव संपला आणि जमीन शेती खात्याकडे गेली. जुन्या मालकांच्या कुटुंबांना ती परत हवी होती. खात्यातल्या अधिकाऱ्यांनी त्यांना ताकास तूर लागू दिली नाही आणि सगळी जमीन एकाच कुळाला द्यायचा घाट घातला. प्रकरण पेटलं, चौकशी बसली, अधिकाऱ्यांचं वागणं चव्हाट्यावर आलं आणि जुलै १९५४ मध्ये शेतीमंत्री सर थॉमस डगडेल यांनी राजीनामा दिला.

हा काही बांधकाम परवानगीचा तंटा नव्हता. पण बंद दाराआड, कारण न देता घेतलेल्या निर्णयांबद्दल लोकांच्या मनात साचलेला संताप त्याने मोकळा केला. सरकारने १९५५ साली सर ऑलिव्हर फ्रँक्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने न्यायाधिकरणं आणि सरकारी चौकशा यांची कार्यपद्धती तपासून १९५७ साली अहवाल दिला आणि कसोटीला तीन शब्द ठेवले: खुलेपणा, न्याय्य वागणूक, निःपक्षपात.

तोवर नियोजनाच्या अपिलांची पद्धत विचित्र होती. इन्स्पेक्टर जागेवर जाऊन चौकशी करत, अहवाल मंत्रालयात पाठवत आणि तो अहवाल अर्जदाराला दाखवला जात नसे. इन्स्पेक्टरने काय पाहिलं, काय शिफारस केली आणि मंत्र्यांनी ती मानली की बाजूला सारली, हे कळायला मार्ग नव्हता. फ्रँक्स समितीनंतर हे अहवाल खुले झाले आणि निर्णयाची कारणं देणं बंधनकारक झालं. माझ्या मते या यंत्रणेचा खरा जन्म इथे झाला. अपील ऐकणारा अधिकारी आधीही होता, पण त्याचा कागद लोकांच्या हाती पडायला लागल्यावर त्याच्या कामाचा पोतच बदलला. आपलं लिखाण हरलेला माणूस वाचणार आहे, हे ठाऊक असलेला अधिकारी वेगळ्या जबाबदारीने लिहितो.

पुढची दोन पावलं झटपट सांगतो. १९६८ च्या कायद्याने लहान अपिलांचा निर्णय इन्स्पेक्टरनेच द्यायची सोय झाली. आज जवळपास सगळी अपिलं इन्स्पेक्टरच निकालात काढतात. मंत्री फक्त मोजकी प्रकरणं स्वतःकडे घेतात. १ एप्रिल १९९२ पासून इन्स्पेक्टरेट ही सरकारची स्वतंत्र कार्यकारी संस्था झाली. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या यंत्रणा वेगळ्या आहेत आणि २०२१ पासून वेल्सनेही आपलं काम वेगळं केलं आहे.

इन्स्पेक्टर दारात येतात तेव्हा

एक नेहमीचं प्रकरण घेऊ. रांगेतल्या घरांपैकी एका घराच्या मालकाला मागच्या बाजूला दोन मजली खोली वाढवायची आहे. अशा अर्जावर कौन्सिलने आठ आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो, मोठ्या प्रकल्पांना तेरा आठवडे मिळतात. मुदत टळली आणि निर्णय आला नाही, तर तेवढ्यावरही अपील करता येतं. त्यामुळे फाइल नुसती दाबून ठेवण्यात कौन्सिलचा फायदा नसतो. या प्रकरणात मात्र नकार वेळेत आला. कारण दिलं, की शेजारच्या घराचा उजेड अडतो. आता मालकाकडे बारा आठवडे आहेत. घरापुरत्या कामांसाठी ही मुदत, इतर बहुतेक अर्जांना सहा महिने. अपिलाला फी नाही. वकील लावायची सक्ती नाही. दहापैकी नऊहून अधिक अपिलं नुसत्या लेखी म्हणण्यावर चालतात.

मग ठरलेल्या दिवशी इन्स्पेक्टर जागेवर येतात. हे नगररचनाकार, वास्तुविशारद, सर्व्हेयर, अभियंते किंवा वकील अशा पार्श्वभूमीचे अनुभवी लोक असतात. त्या कौन्सिलशी त्यांचा संबंध नसतो. भेटीचा शिष्टाचार कडक असतो. मालकाने आपली बाजू मांडायची नाही, कौन्सिलच्या प्रतिनिधीने वाद घालायचा नाही. ‘ती खिडकी पाहा’, ‘हा उतार नकाशात नीट दिसत नाही’ एवढंच दाखवायचं. एका पक्षाच्या कानगोष्टी दुसऱ्याच्या पाठीमागे ऐकल्या जाऊ नयेत म्हणून ही काळजी. इन्स्पेक्टर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातही उभे राहून पाहतात. त्या खोलीला दुसरी खिडकी आहे का, सूर्य कुठल्या बाजूने येतो, दोन अंगणांच्या पातळीत फरक किती. अनेक कौन्सिलांचा एक आडाखा असतो: शेजारच्या खिडकीच्या मध्यापासून पंचेचाळीस अंशांत रेषा काढायची आणि नवं बांधकाम ती ओलांडतं का ते बघायचं. नकाशावर ओलांडलेली रेषा प्रत्यक्षात काहीच बिघडवत नसेल, हे खोलीत उभं राहिल्यावरच कळतं. उलटही घडतं. कागदावर निर्दोष दिसणारी भिंत शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या बैठकीत दुपारीच संध्याकाळ आणेल, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

काही आठवड्यांनी निर्णयाचं पत्र येतं. बहुतेकदा दोन-चार पानांचं. पहिल्याच परिच्छेदात निकाल: अपील मंजूर किंवा फेटाळलं. मग ‘मुख्य मुद्दा’, एका वाक्यात. म्हणजे या बांधकामाचा शेजारच्या रहिवाशांच्या राहणीमानावर, विशेषतः उजेडावर, काय परिणाम होईल. मग ‘कारणं’, क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत. मी काय पाहिलं, आराखड्यातलं कोणतं धोरण लागू होतं, कौन्सिलचं म्हणणं काय, मालकाचं काय, त्यातलं मला काय पटलं आणि का. शेवटी निष्कर्ष, आणि परवानगी दिली असेल तर अटी. हे पत्र सार्वजनिक असतं, कोणीही वाचू शकतं.

या पत्रात काय नसतं, तेही महत्त्वाचं. शेजाऱ्याच्या घराची किंमत घसरेल हा मुद्दा तिथे चालत नाही. ‘आमचा देखावा जाईल’ हाही नाही. अर्जदार कोण, कुठला, कोणाच्या ओळखीचा, हे तर नाहीच. कायद्याचं सूत्र असं, की निर्णय विकास आराखड्याप्रमाणे व्हावा, आणि आराखडा बाजूला ठेवायचा असेल तर विचारात घेण्याजोगी सबळ बाब दाखवता यावी. वजनं काय टाकायची याला बंधन आहे, पण कोणत्या वजनाचा भार किती धरायचा हे ठरवणं इन्स्पेक्टरचं काम.

आकड्यांत सांगायचं तर इंग्लंडमधल्या कौन्सिलांकडे वर्षाला काही लाख अर्ज येतात आणि दहापैकी आठांहून अधिक मंजूर होतात. नाकारलेल्यांपैकी काही जण अपिलात जातात आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांच्या बाजूने निकाल लागतो. या प्रमाणात एक शहाणपण आहे. सगळीच अपिलं फेटाळली जात असती तर ती नुसती औपचारिकता ठरली असती. सगळी मंजूर झाली असती तर कौन्सिलला अर्थ उरला नसता.

छपरात घुसलेला शार्क

नियमांवर चालणारी यंत्रणा कल्पनाशून्य असते, असा आपला समज असतो. ऑक्सफर्डमधल्या हेडिंग्टन वस्तीतलं एक प्रकरण तो समज पुसून टाकतं. ९ ऑगस्ट १९८६ च्या सकाळी तिथल्या एका साध्या घराच्या छपरात शार्क मासा डोकं खाली करून घुसलेला लोकांना दिसला. फायबरग्लासचा, पंचवीस फूट लांबीचा. घरमालक बिल हाइन यांनी शिल्पकार जॉन बक्ली यांच्याकडून तो करून घेतला होता. नागासाकीवर अणुबॉम्ब पडल्याचा तो स्मरणदिन होता. आकाशातून अचानक कोसळणाऱ्या संकटासमोर माणूस किती असहाय असतो, हे त्यांना दाखवायचं होतं.

कौन्सिलने आधी सुरक्षिततेचा मुद्दा काढला, तो टिकला नाही. मग परवानगीचा मुद्दा काढला. विनापरवाना उभारलेली वस्तू, आजूबाजूच्या घरांशी विसंगत, शिवाय आज याला सूट दिली तर उद्या गल्लोगल्ली हेच सुरू होईल. घोंगडं काही वर्षं भिजत राहिलं आणि अखेर अपील पर्यावरण मंत्री मायकेल हेझल्टाइन यांच्याकडे गेलं. १९९२ साली निर्णय शार्कच्या बाजूने लागला.

त्यामागचा युक्तिवाद मनापासून वाचण्यासारखा आहे. शार्क परिसराशी सुसंगत नाही हे अपील ऐकणाऱ्यांनी मान्यच केलं. पण तो सुसंगत दिसावा म्हणून केलेलाच नव्हता, हेही नोंदवलं. मग प्रश्न उरला तो प्रत्यक्ष हानी कोणाची आणि किती होते हा. बाकी छपरांवर मासे उगवतील ही भीती त्यांना खरी वाटली नाही, कारण इतक्या वर्षांत दुसरा कुठे उगवला नव्हता. नियोजनाच्या नियमांत वेगळेपणाला थोडी जागा असायला हवी, असं त्यांनी लिहिलं. २०२२ साली त्याच ऑक्सफर्डच्या कौन्सिलने या शार्कची नोंद स्थानिक वारशाच्या यादीत केली. नियम न मोडताही मन मोठं ठेवता येतं, पण त्यासाठी ‘यामुळे नेमकं बिघडतं काय?’ हा प्रश्न धीराने विचारणारा माणूस जागेवर असावा लागतो.

जाहीर चौकशी आणि दहा नंबरचं घर

काही वाद लेखी म्हणण्यावर सुटत नाहीत. तिथे दोन पद्धती. एक सुनावणी, टेबलाभोवती बसून, इन्स्पेक्टरनेच प्रश्न विचारत चालवलेली. दुसरी जाहीर चौकशी. तिच्यात दोन्ही बाजूंचे वकील, तज्ज्ञ साक्षीदार आणि उलटतपासणी असते. साक्षीदारांचं म्हणणं आठवडे आधी लेखी द्यावं लागतं. दोन्ही बाजूंना कोणत्या गोष्टी मान्य आहेत याचा संयुक्त कागद तयार होतो, म्हणजे वेळ फक्त खऱ्या मतभेदांवर जातो. वस्तीतला कोणीही उठून बोलू शकतो. समारोपाचं शेवटचं भाषण अपील करणाऱ्याचं असतं. खर्च ज्याचा त्याने करायचा. पण कोणी अवास्तव वागला, म्हणजे उदाहरणार्थ नकाराच्या कारणाला आधारच देऊ शकला नाही, तर समोरच्याचा खर्चही त्याच्यावर पडतो. कौन्सिलच्या राजकीय उत्साहाला या एका तरतुदीने बराच लगाम बसतो.

खुलेपणाची किंमतही इंग्लंडने मोजली. साइझवेल बी अणुवीज केंद्राची चौकशी ३४० दिवस चालली. हीथ्रो विमानतळाच्या टर्मिनल पाचची चौकशी मे १९९५ मध्ये सुरू होऊन मार्च १९९९ मध्ये संपली, कामकाजाचे दिवस ५२४. परवानगी २००१ मध्ये मिळाली आणि विमानं उडायला २००८ उजाडलं. त्यातून धडा घेऊन २००८ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रकल्पांसाठी वेगळी वाट काढली. त्यात तपासणी जास्तीत जास्त सहा महिन्यांत संपवावी लागते. २०१२ पासून हे कामही इन्स्पेक्टरेटकडेच आहे.

आंबेडकरांच्या घराचं अपीलही जाहीर चौकशीच्या वाटेने गेलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ती झाली. हे मंत्र्यांनी स्वतःकडे घेतलेल्या मोजक्या प्रकरणांपैकी होतं, म्हणजे इन्स्पेक्टरने चौकशी करून अहवाल द्यायचा आणि निर्णय मंत्र्यांनी करायचा. कौन्सिलच्या मुद्द्यात दम होता, हे इथे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. लंडनमध्ये घरांची टंचाई भीषण आहे. प्रत्येक मोठ्या नावासाठी एकेक घर सोडत गेलं तर आराखड्यातल्या संरक्षणाला अर्थ राहत नाही. दुसऱ्या पारड्यात होता या वास्तूचा इतिहास. भारताच्या राज्यघटनेच्या शिल्पकाराने विद्यार्थिदशेत जिथे दिवस काढले ती हीच जागा, आणि हे स्मारक दुसरीकडे हलवलं तर त्याचा अर्थच हरवतो.

मार्च २०२० मध्ये मंत्री रॉबर्ट जेन्रिक यांनी अपील मंजूर करून संग्रहालयाला परवानगी दिली. स्मारकाचं सार्वजनिक मोल राहत्या जागेच्या नुकसानीपेक्षा जड ठरलं. आपल्याला या निकालाचा आनंद होतो तो साहजिक आहे. पण त्याहून मोलाची गोष्ट मला ही वाटते, की कौन्सिलचा आक्षेप कोणी झटकून टाकला नाही. त्याची दखल घेऊन, त्याचं वजन करून, मग दुसरं पारडं का झुकलं ते लिहिलं गेलं.

मंत्र्यांचा हात आणि शेजाऱ्याचा आवाज

याच मंत्र्यांच्या कारकिर्दीतलं, याच मोसमातलं दुसरं प्रकरण या व्यवस्थेची दुखरी नस दाखवतं. पूर्व लंडनमधल्या वेस्टफेरी प्रिंटवर्क्सच्या जागेवर सुमारे दीड हजार घरांचा प्रकल्प होता. इन्स्पेक्टरने परवानगी देऊ नये अशी शिफारस केली होती. जेन्रिक यांनी ती डावलून जानेवारी २०२० मध्ये परवानगी दिली आणि तीही कौन्सिलचा नवा विकास आकार लागू होण्याच्या आदल्या दिवशी. त्यामुळे विकासकाचे कोट्यवधी पौंड वाचणार होते. त्या भागाची टॉवर हॅम्लेट्स कौन्सिल कोर्टात गेली. निर्णयात पक्षपाताचा आभास होतो आणि म्हणून तो बेकायदेशीर आहे, हे मंत्र्यांना मे महिन्यात मान्य करावं लागलं. निर्णय रद्द झाला, चौकशी पुन्हा झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी नाकारली गेली.

इतकं लवकर हे उलगडलं, कारण इन्स्पेक्टरचा अहवाल सर्वांसमोर होता. त्याची शिफारस काय होती आणि मंत्री कुठे वेगळे वळले, हे झाकता येत नव्हतं. शिवाय निर्णय कायद्यात बसत नसेल तर सहा आठवड्यांच्या आत हायकोर्टात आव्हान देता येतं. निर्णय चूक वाटतो एवढं तिथे पुरत नाही. कारणं समजण्याजोगी आणि पुरेशी नाहीत, महत्त्वाची बाब विचारातच घेतली नाही, असं काही दाखवावं लागतं. कारणं किती आणि कशी असावीत याचा दंडक २००४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने पोर्टर प्रकरणात घालून दिला: हरलेल्या पक्षाला आपण का हरलो हे कळलं पाहिजे.

एक उणीव मात्र इंग्लंडने ठेवली आहे. अपिलाचा हक्क फक्त अर्जदाराला. कौन्सिलने परवानगी दिली आणि शेजाऱ्याला ती जाचक वाटली तर त्याला अपील नाही, फक्त खर्चिक कोर्ट. आयर्लंडने इथे वेगळी वाट धरली. तिथे आधी हरकत नोंदवलेल्या शेजाऱ्यालाही अपील करता येतं. हे काम १९७७ पासून ‘आन बोर्ड प्लॅनाला’ हे स्वतंत्र मंडळ पाहत होतं. २०२२ साली हितसंबंधांच्या वादात त्याच्या उपाध्यक्षांना पद सोडावं लागलं, पाठोपाठ सुधारणा झाल्या आणि २०२५ च्या जूनमध्ये त्याच्या जागी नवा आयोग आला. शेजाऱ्याच्या अपिलामुळे घरबांधणी रखडते अशी ओरड तिथे आहे आणि ती निराधार नाही. तरीही भिंतीचा त्रास ज्याला व्हायचा त्यालाच दार बंद, हे मला न्यायाचं वाटत नाही.

कलम ४७

महाराष्ट्रात हा सगळा सांगाडा आपल्या कायद्यात आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे परवानगी नाकारताना नियोजन प्राधिकरणाने कारणं लिहायची आहेत. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर ठरावीक अटींसह परवानगी मिळाली असं मानायचं आहे. कलम ४७ प्रमाणे नकार मिळाल्यापासून चाळीस दिवसांत राज्य सरकारकडे, किंवा सरकारने त्यासाठी नेमलेल्या, उपसचिवाच्या दर्जाखाली नसलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी द्यायची आहे.

कारणांचा आग्रहही आपल्याला परका नाही. निर्णय देताना कारणं नोंदवली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली एस. एन. मुखर्जी प्रकरणात स्पष्ट केलं. आदेशात न लिहिलेली कारणं मागाहून प्रतिज्ञापत्रात घुसडता येत नाहीत, हे त्याआधी मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सांगितलं. तरी आपला माणूस सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा दाखला, अडकली की आधी ओळख शोधतो, मग एजंट शोधतो आणि अपिलाचा विचार सगळ्यात शेवटी करतो. तो अडाणी आहे म्हणून असं होत नाही. आधीच्या अपिलांत कोणाला काय मिळालं आणि का, हे त्याला वाचायलाच मिळत नाही.

कलम ४७ मध्ये तीन गोष्टींबद्दल शब्द नाही. अपील ऐकणाऱ्याने जागा प्रत्यक्ष पाहायची का, निर्णय किती दिवसांत द्यायचा आणि तो कुठे प्रसिद्ध करायचा. यातली एकही गोष्ट कायद्याने मना केलेली नाही. नगरविकास खात्याने ठरवलं, तर मंत्रालयाच्या दालनाऐवजी नगररचनेची जाण असलेले आणि त्या महापालिकेशी संबंध नसलेले अधिकारी नेमता येतील. ते गल्लीत जाऊन सामासिक अंतर स्वतः मोजतील, दोन्ही बाजूंच्या देखत. निर्णय मराठीत, क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत, ठरलेल्या मुदतीत देतील. आणि प्रत्येक निर्णय संकेतस्थळावर सर्वांना वाचता येईल. त्यातून दोन-तीन वर्षांत असा साठा तयार होईल, की नाशिकच्या वास्तुविशारदाला कोल्हापूरच्या निर्णयाचा दाखला देता येईल आणि नकार लिहिणाऱ्या अधिकाऱ्यालाही आपलं कारण पुढे टिकणार का याचा विचार आधी करावा लागेल.

शहर वाढतं तेव्हा कोणाला तरी नाही म्हणावंच लागतं. नदीपात्रात बांधू नका, शाळेची आरक्षित जागा गिळू नका, शेजाऱ्याचा उजेड अडवू नका, हे सांगायला कणखर महापालिका हवी. पण ज्या महापालिकेच्या नकाराची तपासणी होते, तिलाच कणखर राहता येतं. कारण तपासून टिकलेला नकार उद्या कोणाच्या फोनने फिरत नाही. बांधकाम परवानगीतल्या वशिल्याला उतारा हवा असेल, तर तो परवानगीच्या खिडकीपाशी जितका शोधतो, तितकाच तो अपिलाच्या टेबलावरही शोधला पाहिजे.